भारहुतचा कठडा

कोलकात्याचे लोक तिथल्या इंडियन म्युझियमला ‘जादूघर’ म्हणतात. १८१४ साली स्थापन झालेले हे आपल्या देशातले सर्वांत जुने संग्रहालय. खेड्यापाड्यांतून आलेली मंडळी तिथे मोठ्या हौसेने हिंडतात. पण तांबड्या वालुकाश्माच्या कोरीव खांबांच्या दालनात फारसे रेंगाळत नाहीत. दगडच तर आहेत, असे म्हणून पुढे जातात. खरे म्हणजे थांबायचे ते इथेच. कारण हे दगड मुके नाहीत. त्यांच्यावर नावे कोरलेली आहेत, आणि त्या नावांत आपल्या मुलखातलीही माणसे आहेत.

हा भारहुतच्या स्तूपाचा कठडा. भारहुत हे गाव मध्यप्रदेशात सतना जिल्ह्यात आहे. सुमारे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, शुंग राजांच्या काळाच्या आसपास, तिथे विटांचा एक मोठा स्तूप होता आणि त्याभोवती हा दगडी कठडा. उभे खांब, त्यांत बसवलेल्या आडव्या पट्ट्या आणि वर कमळवेलींनी मढवलेली उष्णीषे, म्हणजे माथ्यावरचे दगड. आपला सुतार जसा लाकडाचा कठडा सांध्यात सांधा बसवून करील, तसाच हा. फरक एवढाच, की इथे लाकडाच्या जागी दगड आहे.

कठड्यावर जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या गोष्टी कोरलेल्या आहेत. विशेष असे, की अनेक चित्रांशेजारी ब्राह्मी लिपीत त्यांची नावेही दिली आहेत. बुद्धाची मूर्ती मात्र कुठेच नाही. बोधिवृक्ष, धर्मचक्र, पावलांचे ठसे, रिकामे आसन, एवढ्यावरूनच ओळखायचे, इथे बुद्ध आहे.

एक चित्र आपल्या शेतकरी श्रोत्यांना चटकन कळेल. गाडी सोडून ठेवली आहे, बैल शेजारी विसावले आहेत, आणि गाडीतून आणलेली चौकोनी नाणी माणसे जमिनीवर एकाला एक लावून अंथरीत आहेत. हा अनाथपिंडिक नावाचा सावकार. जेतवनाची जमीन नाण्यांनी झाकून त्याने ती विकत घेतली आणि बुद्धाला दिली. दान सोडायला हातात पाण्याचे पात्रही आहे. दुसरीकडे पाहा, एका धिप्पाड माणसाचा दात उपटणे चालले आहे! चिमट्याला दोर, दोराला हत्ती, आणि हत्ती हाकायला माकडे. धर्माच्या जागीही हसायची बंदी नव्हती, बरं का.

आता हे सारे उभे केले कोणी? पूर्वेचे तोरण धनभूती नावाच्या राजाने उभारले, असा त्यावर लेख आहे. पण कठड्याचे खांब एकट्या राजाचे नाहीत. ज्याने जे दिले, त्यावर त्याचे नाव. विदिशेच्या चापदेवेने पहिला खांब दिला. भिक्षूंनी दिले, भिक्षुणींनी दिले. एका खांबावर लिहिले आहे, की हा नाशिकच्या गोरखितेने, वसुकाच्या भार्येने दिला. आणखी एक दान ‘करहकट’ नगराच्या निगमाचे, म्हणजे तिथल्या व्यापारी नगरसभेचे आहे. करहकट म्हणजे आपले कऱ्हाड, असे विद्वान मानतात. कुठे नाशिक, कुठे कऱ्हाड आणि कुठे भारहुत! शेकडो कोसांची वाट. ना आगगाडी, ना सडक. तरी गोरखितेचे दान तिथे पोचले, आणि एका बाईचे नाव दोन हजार वर्षे टिकले.

टिकले खरे, पण थोडक्यात. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे पोचले, तेव्हा स्तूपाच्या विटा लोकांनी घरे बांधायला नेलेल्या होत्या आणि कोरीव दगडही गेलेले होते. पूर्वेकडचा भाग मातीच्या ढिगाऱ्याखाली दडला होता, म्हणून वाचला. कनिंगहॅमने १८७४ साली उत्खनन केले आणि सापडलेले बरेचसे दगड कोलकात्याला हलवले. विलायतेतल्या एका विद्वानाने याला नावे ठेवली. वस्तू तिच्या जागीच शोभते, हे म्हणणे काही खोटे नव्हे. पण मागे राहिलेल्या दगडांचे काय झाले? ते आसपासच्या गावांत पांगले. पुढे त्यांतले काही गोळा करून अलाहाबाद संग्रहालयात ठेवावे लागले.

त्या गावकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दगड वाचता येत नसेल, तर माणूस त्याचा पायाच भरणार. आपल्याकडेही मारुतीच्या देवळापाशी, वेशीजवळ वीरगळ उभे असतात. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्यचंद्र. कुणी त्यावर धुणे धुतो, कुणी तो ओट्याला लावतो. शिक्षकबंधूंनी एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन गावातले असे दगड पाहावेत. जागेवरून हलवू नयेत, शेंदूर खरवडू नये. फक्त ते कुठे आहेत, त्यांवर काय कोरले आहे, अक्षरे आहेत का, याची वहीत नोंद करावी आणि ती पुरातत्त्व खात्याला कळवावी. गोरखितेचे नाव ढिगाऱ्याने राखले. आपल्या गावच्या वीराचे नाव ढिगाऱ्याच्या भरवशावर सोडू नये.