बॅलेमधील ‘टर्नआउट’ म्हणजे काय? तो वाढवणारी साधने खरेच उपयोगी पडतात का?

बॅले नर्तक उभे राहतात तेव्हा त्यांचे चवडे समोर नव्हे, तर बाहेरच्या बाजूला वळलेले असतात. यालाच ‘टर्नआउट’ म्हणतात. टाचा जुळवून दोन्ही पावले 180 अंशांच्या सरळ रेषेत आणणे हा त्याचा आदर्श. तो लवकर गाठता यावा म्हणून फिरत्या चकत्या, रबरी पट्टे अशी साधने ऑनलाइन विकली जातात. ही साधने नेमके काय करतात?

पाय बाहेर वळतो कुठून?

टर्नआउटचा मोठा भाग खुब्याच्या सांध्यातून येतो. उरलेला थोडा भाग गुडघ्याखालच्या हाडाच्या नैसर्गिक पिळातून आणि पावलातून मिळतो. खुबा किती फिरेल हे त्याच्या खोबणीची खोली आणि दिशा, मांडीच्या हाडाचा कोन आणि सांध्यापुढचा मजबूत अस्थिबंध यांवर ठरते. मोठ्या माणसाच्या हाडांची ठेवण व्यायामाने बदलत नाही. त्यामुळे पूर्ण 180 अंश फार थोड्यांनाच साधतात.

बदलू शकते ती स्नायूंची ताकद. नितंबाच्या मोठ्या स्नायूखाली सहा छोटे स्नायू असतात. मांडी बाहेर फिरवण्याचे आणि तशीच धरून ठेवण्याचे काम ते करतात. अनेकांचा खुबा जितका फिरू शकतो, तितका ते नाचताना वापरतच नाहीत. साधनांचा खरा उपयोग इथे आहे.

ही कल्पना नवी नाही

18व्या शतकात पाय बाहेर वळवण्यासाठी ‘तूर्न-हांश’ नावाचे यंत्र वापरले जात असे. फ्रेंच नृत्यदिग्दर्शक झाँ-जॉर्ज नोव्हेर यांनी 1760 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पत्रसंग्रहात त्यावर कडक टीका केली. या यंत्राने फायदा होण्याऐवजी शरीर वाकडे होते, असे त्यांचे म्हणणे होते.

कोणते साधन कशासाठी?

- फिरत्या चकत्या: जमिनीवर पाऊल घर्षणाने अडकून राहते, त्यामुळे खुबा न फिरवताही चवडे बाहेर ठेवता येतात. चकतीवर हा आधार नसतो. म्हणून स्वतःच्या ताकदीवर किती वळण टिकते, ते कळते. चकतीवर हळू फिरावे, आधाराला दांडी धरावी.
- रबरी पट्टा: कुशीवर झोपून, गुडघे वाकवून, मांड्यांभोवती पट्टा लावायचा. टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा उघडायचा. कंबर मागे कलू द्यायची नाही.
- बेडूक-आसनासारखा ताण: पालथे झोपून गुडघे बाजूला पसरवतात. या स्थितीत दुसऱ्याने कमरेवर दाब देणे किंवा वजन ठेवणे धोक्याचे, कारण तो भार थेट सांध्यावर येतो.

चूक कशी ओळखायची?

उभे असताना गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने असायला हवी. पाऊल बाहेर आणि गुडघा पुढे दिसत असेल, तर पीळ गुडघ्यावर पडतो आहे. पावलाची कमान आत कोसळणे आणि कमरेला जास्त बाक येणे, याही धोक्याच्या खुणा. असेच चालू राहिले तर गुडघा, घोटा आणि कंबर दुखावते. अशा वेळी पावलांमधला कोन कमी करणे हाच पहिला उपाय.

खुब्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखे वाटले किंवा गुडघ्यात दुखले, तर व्यायाम थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवावे. वाढत्या वयाच्या मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीशिवाय ही साधने वापरू नयेत.

बॅलेपुरतेच नाही

भरतनाट्यममधील अरैमंडीतही मांड्या खुब्यातूनच बाहेर उघडाव्या लागतात. त्यामुळे गुडघा आणि पाऊल एकाच दिशेला ठेवण्याचा नियम तिथेही तितकाच लागू होतो. साधन कोणतेही असो, ते आहे त्या खुब्याचा पूर्ण वापर शिकवते; नवा खुबा देत नाही.