व्यायाम, ध्यान आणि स्मरणशक्ती : बेळगावातील दोन आठवणींच्या निमित्ताने

ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापूरहून आलेला एक तरुण संन्यासी बेळगावच्या रिसालदार गल्लीत वकील सदाशिव बाळकृष्ण भाटे यांच्या घरी उतरला. भाटे यांचे चिरंजीव, पुढे प्राध्यापक झालेले जी. एस. भाटे, त्या वेळी पाणिनीची अष्टाध्यायी जुन्या पद्धतीने पाठ करीत होते. वडिलांनी म्हणून दाखवण्यास सांगितले तेव्हा मुलगा काही ठिकाणी चुकला आणि त्या चुका पाहुण्याने हसतमुखाने सुधारल्या. काही दिवसांनी हाच संन्यासी वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहायला गेला. तेथे बोलता बोलता त्याने डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधील दोन-तीन पाने जशीच्या तशी म्हणून दाखवली. हे पुस्तक आपण दोनदाच वाचले, एकदा शाळेत आणि पुन्हा पाच-सहा महिन्यांपूर्वी, असे त्याने सांगितले. मग एवढे लक्षात राहते कसे, या मित्रांच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात दोन गोष्टी होत्या : पूर्ण एकाग्रतेने वाचणे आणि शरीराची शक्ती वाया न दवडणे. हा संन्यासी म्हणजे स्वामी विवेकानंद. बेळगावहूनच ते पुढे रेल्वेने गोव्यात आले.

विवेकानंदांची स्मरणशक्ती असामान्य होती, हे खरेच. परंतु ती केवळ ध्यानधारणेतून आली असे मानणे अपुरे ठरेल. कलकत्त्यात नवगोपाळ मित्र यांच्या व्यायामशाळेत त्यांनी तरुणपणी शरीर कमावले होते. त्यांच्या उत्तरातील शक्तिसंयमाचा भाग साधकाच्या आचारधर्मातला आहे. प्रयोगशाळेत तो तपासणे अवघड. एकाग्रता आणि व्यायाम यांचा स्मरणाशी असलेला संबंध मात्र तपासता येतो, आणि गेल्या दोन-तीन दशकांत तो बराच तपासला गेला आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी शाळांतील मुलांच्या दृष्टीने हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. घरची मराठी, राज्याची कन्नड आणि पुढील शिक्षणासाठी लागणारी इंग्रजी अशा तीन भाषा, त्यांतील दोन पूर्णपणे वेगळ्या लिप्यांसह, या मुलांना आत्मसात कराव्या लागतात. शिवाय हिंदी आहेच. शब्द आणि अक्षरे लक्षात ठेवण्याचे ओझे इतर मुलांहून अधिक. आणि दहावीचे वर्ष आले की नेमका खेळाचा तास गणिताला किंवा उजळणीला दिला जातो. घरीही ‘आता खेळ पुरे’ हेच ऐकावे लागते. कुस्तीच्या तालमींसाठी नावाजलेल्या या भागात हे घडावे, हे काहीसे विचित्रच.

जर्मनीतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे लक्षणीय आहे. २७ तरुणांना तीन वेगवेगळ्या स्थितींनंतर नवे, अपरिचित शब्द शिकवण्यात आले : तीन मिनिटांच्या दोन वेगवान धावांनंतर, चाळीस मिनिटांच्या संथ धावण्यानंतर आणि विश्रांतीनंतर. वेगवान धावल्यानंतर शब्द शिकण्याचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला. नव्या भाषेचे शब्द गिरवणाऱ्या मुलासाठी यापेक्षा जवळचा प्रयोग कोणता? व्यायामाची वेळही महत्त्वाची आहे. नेदरलँड्समध्ये २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७२ जणांनी चित्रे आणि त्यांच्या जागा लक्षात ठेवल्या. शिकल्यानंतर चार तासांनी ज्यांनी व्यायाम केला, त्यांना दोन दिवसांनी अधिक आठवले. लगेच व्यायाम करणाऱ्यांना तसा लाभ दिसला नाही. सकाळी अभ्यास आणि दुपार ओसरल्यावर मैदान, हा जुना दिनक्रम त्यामुळे अगदीच चुकीचा नव्हता म्हणायचा.

याचे मूळ मेंदूत कानशिलांच्या आत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात आहे. नव्या आठवणी घडवण्याचे काम मुख्यतः तेथे चालते. व्यायामाने तेथील रक्तप्रवाह सुधारतो आणि बीडीएनएफ हे चेतापेशींच्या वाढीस पोषक प्रथिन वाढते. अमेरिकेत १२० ज्येष्ठ नागरिकांवर वर्षभर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा मात्र आकसला. म्हणजे हा विषय आजी-आजोबांचाही आहे. निपाणी परिसरात विड्या वळण्याचे काम घरोघरी चालते. ते कष्टाचे असले तरी तासन्‌तास एकाच जागी बसून करायचे आहे. हृदयाची गती वाढवणाऱ्या व्यायामाची जागा अशा श्रमाला घेता येत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी एक तास शारीरिक हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

ध्यानाचे कार्य निराळे आहे. व्यायाम आठवण पक्की होण्यास मदत करतो, तर ध्यान ती मनात नीट शिरण्यास. कॅलिफोर्नियात ४८ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात दोन आठवड्यांच्या सजगता-ध्यानाने मनाचे भटकणे कमी झाले आणि वाचलेले समजण्याची क्षमता वाढली. बंगळूरच्या विवेकानंद योग अनुसंधान संस्थेतील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक बोलका आहे. दहा दिवसांच्या योगशिबिरानंतर मुलांची आकृत्या व जागा लक्षात ठेवण्याची क्षमता ४३ टक्क्यांनी वाढली; चित्रकलेच्या शिबिरातील मुलांत तसा बदल नव्हता. परंतु शब्द लक्षात ठेवण्याच्या क्षमतेत योगशिबिरानेही फरक पडला नाही. ‘योगाने बुद्धी तल्लख’ अशा जाहिराती करणारे हे दुसरे वाक्य सहसा सांगत नाहीत. ध्यानाने आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते, हा २०११ मधील गाजलेला निष्कर्षही २०२२ मध्ये दोनशेहून अधिक निरोगी व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात टिकला नाही.

कोणत्याही आसनाशिवाय करता येण्याजोगी एक गोष्ट मात्र आहे. एडिनबर्गच्या संशोधकांना असे आढळले, की गोष्ट ऐकल्यावर दहा मिनिटे अंधारलेल्या खोलीत निवांत बसलेल्या वयस्कांना ती सात दिवसांनंतरही अधिक आठवत होती. त्याच वेळात चित्रांतील फरक शोधण्याचा खेळ खेळणाऱ्यांना कमी. धडा संपताच मोबाईल हाती घेणाऱ्या मुलाने ती दहा मिनिटे तशीच गमावलेली असतात.

व्यायाम आणि ध्यान दोन्ही करूनही एक काम उरतेच. उतारा पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी तो न पाहता आठवून लिहिणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर त्यातील ६१ टक्के भाग आठवला. नुसते वाचणाऱ्यांना ४० टक्के. हा निष्कर्ष २००६ चा. रिसालदार गल्लीत वकील भाटे मुलाला समोर बसवून जे करून घेत होते, ते हेच.