मुंबईची कानटोपी

मुंबईकराला लोकरीचे काय कौतुक, असे कुणीही विचारील. सांताक्रूझला नोंदलेले शहराचे आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस. तो दिवस २२ जानेवारी १९६२. एरवी गिरगाव-दादरच्या घरांत लोकर यायची ती बाळाच्या टोपड्या-मोज्यांपुरती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनचे युद्ध पेटले. लडाख आणि नेफाच्या बर्फात जवानांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते. देशभर बायकांनी सुया हाती घेतल्या. स्वेटर, मफलर, कानटोप्या विणल्या. दोन टाके सुलट, दोन उलट. ही वीण ताणली जाते आणि डोक्याला घट्ट बसते. घामाच्या गावात बसून न पाहिलेल्या बर्फासाठी विणायचे, म्हणजे आधी ती थंडी मनात आणायची!

पुढे नेमके हेच डॉ. जयंत नारळीकरांनी केले. कुलाब्याच्या टाटा संस्थेत असताना १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी टोपणनावाने पहिली विज्ञानकथा पाठवली. त्यांच्या ‘हिमप्रलय’ कथेत तर खुद्द मुंबईत बर्फ पडतो.

ही कथा टोपीवर उतरवायची तर अवघड नाही. टाके सहाच्या पटीत घ्यावेत. शेंड्याकडे सहा ठिकाणी ते कमी करत जावे. सहा पाकळ्यांची चांदणी आपोआप उमटते. हिमकणही षट्कोनीच असतो.

मुंबईला तिची गरज पडू नये. पण दुसऱ्याची थंडी ओळखता येणे, ही गरज मात्र प्रत्येक शहराला असते.