सदाफुलीचा धडा

नीरा-भीमेच्या काठची आपली बारामती-इंदापूरकडील मंडळी सदाफुलीला चांगली ओळखतात. कोणी न लावताही ती परसात उगवते, ऐन उन्हाळ्यात फुलते, आणि मधुमेहावर तिची पाने चघळावीत असा सल्ला घरोघर मिळतो. नवल असे की, कर्करोगावरील एका मोठ्या औषधाचा इतिहास याच समजुतीपासून सुरू होतो.

१९५२ साली जमेकाहून या झाडाची पाने कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली. तिकडेही ती मधुमेहावर वापरीत. नोबल यांनी अर्क उंदरांस देऊन पाहिला. रक्तातील साखर काही उतरेना. उतरल्या त्या पांढऱ्या पेशी! दुसऱ्या एखाद्याने प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. नोबल यांनी विचार केला, रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात ना? मग सहकारी चार्ल्स बिअर यांनी अर्क शुद्ध करीत नेला, आणि १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हाती आले.

या कामात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले डॉ. मनसुख वाणी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासह वनस्पतींचे अर्क पारखीत होते. अर्काचे भाग पाडावयाचे, प्रत्येक भाग कर्करोगाच्या पेशींवर वा उंदरांवर तपासावयाचा, गुणकारी तेवढा ठेवून तो पुन्हा विभागावयाचा, असे ते चिकाटीचे काम. त्यातून १९६६ साली कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ साली टॅक्सॉल जगापुढे आले. टॅक्सॉलला औषध म्हणून मान्यता मिळाली ती मात्र १९९२ साली. पुढे कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतील नरक्यातही सापडले, आणि त्या बिचाऱ्या झाडावर कुऱ्हाड चालू लागली.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. काचेच्या बशीतील पेशी अर्काने मेल्या, एवढ्याने औषध सिद्ध होत नाही. त्या फिनेलनेही मरतात. रोगी पेशी मारून माणूस वाचला पाहिजे, आणि ते मोजक्या मात्रेने, वैद्यकीय देखरेखीखालीच साधते. सदाफुलीचा कच्चा रस पिऊन कोणी चार महिने घालविले, तर रोग काही थांबत नाही. बरे होण्याची वेळ तेवढी निघून जाते.

परसातील ज्ञानाचा मान जरूर राखावा. पण नोबल आणि वाणी यांनी केली तशी त्याची परीक्षा घेणे, हाच तो मान राखण्याचा खरा मार्ग होय.