पालकांवरील ताण आणि कुटुंबलक्ष्यी जाहिरात

मूल वाढवताना पालकांच्या वेळेवर, पैशावर, झोपेवर आणि मनावर पडणारा भार ओळखून कुटुंबांसाठी केलेली जाहिरात व विक्री. हा भार हलका करूनही माल खपतो आणि त्याच्यावर बोट ठेवूनही खपतो. जाहिरात-व्यवसायाने दोन्ही वाटा चोखाळल्या, दुसरी जास्त.

पालकत्वाचा ताण मोजण्याची प्रश्नावली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड अबिडिन यांनी १९८३मध्ये प्रसिद्ध केली. मुलाच्या स्वभावामुळे येणारा ताण आणि पालकाच्या स्वतःच्या परिस्थितीतून येणारा ताण तीत वेगवेगळा पाहिला जातो. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी ऑगस्ट २०२४मध्ये या ताणाला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरवले. त्यांच्या निवेदनानुसार बहुतेक दिवशी ताण पूर्णपणे असह्य होतो असे ४८ टक्के पालक सांगतात. इतर प्रौढांत हे प्रमाण २६ टक्के आहे. भारतात या ताणाची वाटणी फारच विषम आहे. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे; आणि घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात २६ टक्केच होते. त्यामुळे ‘पालक’ म्हणून ज्याला हाक मारली जाते, ते गिऱ्हाईक आपल्याकडे बहुधा आईच असते.

भीतीवर चालणाऱ्या विक्रीचे सर्वांत गंभीर उदाहरण बाळाच्या वरच्या दुधाचे. आपले दूध बाळाला पुरत नाही, ही नव्या आईची धास्ती. गरीब देशांत ती पावडरीच्या डब्यांच्या कामी आली. अस्वच्छ पाणी आणि पुरवून पुरवून पातळ केलेले दूध यांनी अर्भके दगावू लागली, तेव्हा १९७७मध्ये नेस्ले कंपनीवर बहिष्कार पुकारला गेला. १९८१मध्ये जागतिक आरोग्य सभेने अशा दुधाच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. भारताने १९९२मध्ये कायदाच केला आणि २००३मध्ये तो कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे दुग्धपर्याय, आहार आणि दूधबाटल्या यांच्या जाहिरातीला तो मनाई करतो. दुधाच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्रही चालत नाही.

मोठ्या मुलांच्या बाबतीत धास्तीचा विषय बदलतो. दुधात घालायच्या पावडरी वर्षानुवर्षे उंची आणि बुद्धी यांच्या काळजीवर विकल्या गेल्या. एप्रिल २०२४मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने बोर्नव्हिटासह अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले. शिकवण्यांचे गणितही तेच. निकालाच्या हंगामात वर्तमानपत्रांत पानभर झळकणारे गुणवंतांचे फोटो मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांसाठी असतात, हे लातूर-पुण्याच्या वाचकाला सांगायला नको. यशस्वी विद्यार्थ्यांचा फोटो त्यांच्या लेखी संमतीशिवाय वापरू नये, ‘जागा थोड्याच उरल्या’ अशी खोटी घाई लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये बजावले.

सहानुभूतीच्या वाटेवरची दोन भारतीय उदाहरणे साबणाच्या व्यापारातली आहेत. ‘दाग अच्छे हैं’ या सर्फ एक्सेलच्या २००५च्या जाहिरातीत बहीण चिखलात पडते आणि भाऊ त्या डबक्यालाच बदडून काढतो. मळके कपडे म्हणजे आईचा हलगर्जीपणा, हा जुना ठपका या जाहिरातीने पुसला; धुणे मात्र आईकडेच राहिले. एरिअलच्या ‘शेअर द लोड’ मोहिमेने २०१५मध्ये नेमका त्यावरच प्रश्न विचारला. पुढच्या वर्षीच्या चित्रफितीत लेकीची ऑफिस आणि घर यांतली तारांबळ पाहून वडील तिची माफी मागतात आणि आपल्या घरी जाऊन मशिनला कपडे लावतात. पुरुषाला मदतनीस न मानता जबाबदार धरणे, ही त्या मोहिमेची खरी कमाई. पावडर त्यातूनही खपली असणारच, पण त्यासाठी कोणत्याही आईला कमी लेखावे लागले नाही.

चित्रफितीपेक्षा व्यवहारातली सहानुभूती जास्त उपयोगाची असते. ब्रिटनमधील फुले विकणारी ब्लूम अँड वाइल्ड ही कंपनी २०१९पासून मातृदिनाचे ईमेल नको असतील तर तसे कळवण्याची सोय ग्राहकांना देते. आई गमावलेल्यांना किंवा मूल न झालेल्यांना तो दिवस जड जातो. फीचे सोसतील असे हप्ते, मूल रुळले नाही तर पैसे परत, खऱ्या वयोगटाची ठळक नोंद, रात्री अकराला निरोप न पाठवणे, या गोष्टींना पुरस्कार मिळत नाहीत. दमलेल्या आईचा चेहरा पडद्यावर दाखवून तिच्याच गळ्यात वर्षभराची फी एकरकमी मारणारी जाहिरात कितीही हळवी असली तरी ती भीतीच्या गटातच मोजावी.