सोलापूर मुलखातली मानी नटी

सोलापूर म्हटले की गिरण्यांचे भोंगे, हातमागाच्या चादरी, सिद्धरामेश्वराचा गड्डा आणि १९३० सालचा लष्करी कायदा या गोष्टी मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभ्या राहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु याच जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, जेथे मराठी बोलता बोलता माणसे सहज कानडीत शिरतात आणि जेथून पुढे दत्तभक्त गाणगापूरसाठी उतरण्याची तयारी करू लागतात, त्या दुधनी गावाने भारतीय बोलपटाच्या पहिल्या पिढीला एक अशी गायिका-अभिनेत्री दिली की जिच्या मानी स्वभावाची आठवण तिच्या गाण्यांइतकीच जपून ठेवावयास हवी होती. तिचे नाव शांता आपटे. आपल्या जिल्ह्याच्या अभिमानस्थळांची यादी सांगताना हे नाव सोलापूरकरांच्या तोंडी क्वचितच येते, याचे मला फार वाईट वाटते.

शांताबाईंचे वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग सोलापूर मागे टाकून १८७१ साली रायचूरला मद्रासकडील मार्गास जाऊन मिळाला, तेव्हापासून होटगीच्या पुढची ही लहानलहान स्थानके धान्याची पोती, यात्रेकरू आणि तारायंत्राचा कट्‌कट्‌ आवाज यांनी जिवंत झालेली होती. अशा स्थानकावरील मास्तरांचे घर म्हणजे नियमांचे घर. गाडीची वेळ ठरलेली, दरमहाचा पगार ठरलेला, हजेरी ठरलेली आणि बदलीचा हुकूम आला की चंबूगबाळे आवरून निघणेही ठरलेले. ज्या मुलीने पुढे एका बलाढ्य चित्रसंस्थेशी करारनाम्याच्या कलमांवरून भांडण मांडले, ती मुलगी पगारदार माणसाच्या घरात वाढली होती, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही.

गाण्याचे शिक्षण तिला पंढरपुरात, महाराष्ट्र संगीत विद्यालयात मिळाले. १९०६ सालापासून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत धावू लागली होती आणि विठ्ठलाच्या या नगरीत टाळमृदंगाचा गजर बारमाही असे. रागदारीच्या तालमीबरोबर भजनाचा हा संस्कार लहान वयात कानावर पडल्याने असेल, शांताबाईंच्या गळ्यात शास्त्र आणि भाव यांचे भांडण कधी जाणवले नाही. पुढे पुण्याच्या गणेशोत्सवांतून ही मुलगी भजने म्हणू लागली, आणि तेथूनच तिचा सूर रुपेरी पडद्याच्या दारापर्यंत जाऊन पोचला.

हे दार स्त्रियांसाठी किती नवे होते, ते येथे ध्यानात घेतले पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली राजा हरिश्चंद्र प्रदर्शित केला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही, आणि ती भूमिका साळुंके नावाच्या तरुणाला करावी लागली; त्याच वर्षाच्या मोहिनी भस्मासुरात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, तेव्हा कोठे ही कोंडी फुटली. समुद्रापलीकडे अमेरिकेतही आरंभीच्या नट्यांची स्थिती निराळ्या प्रकारे हलाखीचीच होती. फ्लॉरेन्स लॉरेन्स ही अभिनेत्री बायोग्राफ कंपनीच्या चित्रपटांत घरोघरी परिचित झाली, तरी तिचे नाव पडद्यावर येत नसे. प्रेक्षक तिला कंपनीच्याच नावाने ओळखत. नाव झाले तर मोबदला वाढवून मागतील, ही मालकवर्गाची भीती त्यामागे होती. १९१० साली दुसऱ्या एका निर्मात्याने तिचे नाव गाजविले, आणि अवघ्या ९ वर्षांनी मेरी पिकफर्ड ही अभिनेत्री चॅप्लिन, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्या बरोबरीने युनायटेड आर्टिस्ट्स या संस्थेची भागीदार झाली. आपल्याकडे ही मजल गाठणे सोपे नव्हते; पण मोबदल्याचा आणि अधिकाराचा तो प्रश्न मराठी मुलखात प्रथम उघडपणे, भर दरवाजात बसून विचारला तो शांता आपटे यांनी.

१९३२ साली भालजी पेंढारकरांनी श्यामसुंदर या बोलपटात त्यांना बालराधेची भूमिका दिली. कृष्ण झाला होता शाहू मोडक. पुण्याच्या सरस्वती सिनेटोनचे हे चित्र मुंबईत इतके आठवडे चालले की भारतातील पहिला रौप्यमहोत्सवी चित्रपट म्हणून त्याची गणना होते. यानंतर प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली आणि तिने अमृतमंथन निर्माण केले. १९३४ सालच्या त्या चित्रात चंद्रमोहनच्या भेदक डोळ्यांनी जसा प्रेक्षकांचा ठाव घेतला, तसाच शांताबाईंच्या गाण्यांनीही घेतला. केशवराव भोळे यांचे संगीत होते. १९३६ च्या अमरज्योतीत मास्तर कृष्णरावांच्या चाली त्यांनी गायिल्या आणि दुर्गाबाई खोटे यांच्यासारख्या भारदस्त अभिनेत्रीसमोरही आपले स्थान राखले.

त्यांच्या गाण्याचा एक विशेष मात्र नुसत्या नावनिशीने उरकण्याजोगा नाही. रंगभूमीवरून आलेली त्या काळची पद्धत अशी की गाणे सुरू झाले की पात्र एका जागी खिळून उभे राही, दृष्टी कोठेतरी दूर लावी, आणि जणू कथानकाला रजा देऊन आलापांचा विस्तार करी. शांताबाईंनी हा रिवाज मोडला. त्या गाताना हात हलवीत, मान वळवीत, डोळ्यांनी समोरच्याला बोलावीत किंवा झिडकारीत. गाणे हे पात्राच्या बोलण्याचाच पुढला टप्पा आहे, ही जाणीव त्यांच्या प्रत्येक हालचालीत असे. आज ही गोष्ट कोणास विशेष वाटणार नाही. पण जी वाट नंतरच्या सर्वांना राजमार्ग वाटली, ती पहिल्याने मळविणाऱ्यांत या दुधनीच्या मुलीचे पाऊल होते.

१९३७ साली कुंकू आला, आणि हिंदीत त्याचेच दुनिया न माने हे रूप आले. नारायण हरी आपटे यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी निर्मिलेले हे चित्र मी मराठी चित्रपटसृष्टीच्या अत्यंत थोड्या चिरस्थायी कृतींत गणतो. फसवून एका वृद्ध विधुराच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा त्या विवाहास विवाह मानण्याचेच नाकारते. ती रडत बसत नाही, नशिबाला दोष देत नाही, आणि सावत्र मुलाने मर्यादा सोडताच हाती छडी घेऊन त्याला झोडपून काढते. काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते यांच्यासारखा कसलेला नट, सुशीलेच्या भूमिकेत शकुंतलाबाई परांजपे यांच्यासारखी विदुषी, आणि या दोघांमध्ये शांताबाईंची ती ताठ मान. पार्श्वसंगीत या चित्रात नाहीच. जे ध्वनी येतात ते घरातले, रस्त्यावरचे, भिंतीवरच्या घड्याळाचे. अशा निःशब्द पार्श्वभूमीवर नीरा लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता गाते, तेव्हा एका मराठी घरात कोंडलेल्या मुलीच्या तोंडी ते परदेशी शब्द मुळीच उपरे वाटत नाहीत. कर्तव्य आणि उद्योग यांचे ते गीत नीरेच्या बंडाला शोभून दिसते, आणि माझ्या मते शांताबाईंच्या पुढील आयुष्यालाही.

पुढील वर्षी गोपालकृष्णात त्या राधा झाल्या, आणि राम मराठे हा मुलगा त्यात कृष्ण होता. कीर्ती कळसास पोचली होती. पण प्रभातनगरीतील कारभार हा गिरणीसारखा शिस्तीचा होता: कलावंत दरमहा पगारावर, करारनाम्याने बांधलेले, बाहेर काम करण्यास मुभा नाही. या शिस्तीनेच प्रभातची चित्रे इतकी रेखीव झाली हे मी नाकारणार नाही. तिचे संस्थापक स्वतः अंगमेहनतीचे लोक होते. तरीही जिच्या नावावर तिकीटविक्री होते तिने आपल्या हिश्श्याचा आणि आपल्या मुदतीचा हिशेब मागू नये, असा काही न्याय नाही. करार आणि वेतन यांवरून खटका उडाला, आणि जुलै १९३९ मध्ये शांता आपटे प्रभातच्या प्रवेशद्वारात उपोषणास बसल्या. ज्या देशात उपोषण हे महात्माजींचे राजकीय शस्त्र होते, तेथे एका नटीने ते आपल्या नोकरीच्या हक्कासाठी उचलावे, याचा वृत्तपत्रांना अचंबा वाटला. कित्येकांनी थट्टाही केली. उपोषण फार दिवस चालले नाही, पण प्रभातशी असलेला संबंध मात्र तुटला तो तुटलाच.

ज्या सोलापूरच्या परिसरात त्यांचा जन्म झाला, तेथील माणसाला या घटनेचा अर्थ वास्तविक सर्वांच्या आधी कळावयास हवा. १८७७ साली येथे जुनी गिरणी उभी राहिली, तिच्यामागून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापासून गिरणगावातील कामगारांनी संप करून मजुरीचा आणि महागाईभत्त्याचा प्रश्न मालकांच्या दफ्तरापर्यंत नेला. शांताबाईंचा लढा त्या संपांशी जोडलेला होता असे मला म्हणावयाचे नाही. त्या एकट्या होत्या, आणि त्यांच्यामागे संघटना नव्हती. पण सुताच्या चातीवर उभ्या राहणाऱ्या बाईचे आणि कॅमेऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्या बाईचे श्रम हे दोन्ही श्रमच, हा विचार ज्या धैर्याने त्यांनी मांडला, ते धैर्य सोलापूरच्या मातीस अपरिचित नाही.

हा विचार त्यांनी १९४० साली पुस्तकरूपाने लिहून काढला. जाऊ मी सिनेमात? हे त्याचे नाव. चित्रपटाच्या झगमगाटाला भुलून घर सोडू पाहणाऱ्या तरुणतरुणींना उद्देशून लिहिलेल्या या पुस्तकात एखाद्या यशस्वी तारकेचे गोड आत्मचरित्र शोधणाऱ्याची निराशा होईल, कारण लेखिकेचे लक्ष आहे ते भांडवल घालणारा, धंदा चालविणारा आणि प्रत्यक्ष राबणारा यांच्यातील विषम नात्यावर. कीर्तीच्या भर माध्यान्ही एका अभिनेत्रीने आपल्याच धंद्याची अशी चिकित्सा करावी, हे त्या काळच्या मराठी वाङ्मयात दुर्मिळ आहे. शांताबाईंची आठवण निघाली की एका सिनेमासिकाच्या संपादकाकडे त्या छडी घेऊन गेल्याची कथाच तेवढी रंगवून सांगितली जाते, आणि हे पुस्तक विसरले जाते, ही मला त्यांच्या बुद्धीची उपेक्षा वाटते.

प्रभात सोडल्यावर त्या कोणाशीच कायमच्या बांधील राहिल्या नाहीत. १९४१ च्या तमिळ सावित्री चित्रासाठी त्यांनी परिश्रमपूर्वक तमिळ आत्मसात केले, आणि नारदाच्या भूमिकेतील एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्यासारख्या गायिकेसमवेत सावित्री साकारली. लाहोरला जाऊन पंचोलींच्या जमीनदार या चित्रात काम केले. १९४६ साली मास्टर विनायकांच्या सुभद्रेत वसंत देसाईंच्या चालीवर, तेव्हा नुकत्याच पुढे येऊ लागलेल्या लता मंगेशकरांबरोबर त्या गायिल्या. मोठमोठ्या चित्रसंस्था पुढे डबघाईस आल्या आणि चित्रागणिक करार करण्याची रीत सर्वत्र रूढ झाली; शांताबाई त्या रीतीने आधीच जगू लागल्या होत्या. मात्र प्रभातच्या तोडीची भूमिका त्यांना पुन्हा लाभली नाही, आणि पन्नाशीच्या दशकातील पौराणिक चित्रांत त्यांच्या तेजाला वावच उरला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नायिकेचा स्वर दुसऱ्या कोणी द्यावा ही पार्श्वगायनाची प्रथा स्थिरावली, तेव्हा गाता गाता अभिनय करणाऱ्या या पिढीचे वैशिष्ट्यच धंद्याला अनावश्यक झाले. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत, अंधेरीस त्यांचे निधन झाले. त्याआधी चार वर्षे, १९६० साली, पुण्यातील प्रभातच्या त्याच वास्तूत सरकारने चित्रपटविद्येची संस्था सुरू केली होती, आणि चित्रधंद्यात शिरू पाहणारी मुले त्याच आवारात रीतसर शिक्षण घेऊ लागली होती.