पहिला पगार कुणाचा?



यंदा पाडव्याच्या जेवणाला मंडळातला एक दहावीतला मुलगा आमच्याजवळ आला. खिशातून घडी घातलेला पे-स्टब काढून म्हणाला, "काका, ह्यातले पैसे कुणी घेतले?" शनिवार-रविवारी आइस्क्रीमच्या दुकानात उभे राहून मिळवलेला पहिला पगार! शेजारून आई म्हणाली, "अहो, सोळा वर्षांच्या पोराला कसला टॅक्स? आणि मिळकत शेवटी आमच्याच घरातली ना?"

आम्ही पडलो रसायनशास्त्रातले. पण दरवर्षी एप्रिलच्या आधी मंडळींचे फॉर्म चाळून थोडेफार कळू लागले आहे. उत्तर शोधायला म्हणून जुने कायदे उघडले आणि लक्षात आले, की त्या माउलीचा प्रश्न अमेरिकन सरकारलाही तीस वर्षे सुटला नव्हता.

अमेरिकेचा आजचा आयकर १९१३ चा. तेव्हा एकट्या माणसाला ३,००० डॉलरपर्यंत आणि नवराबायकोला ४,००० पर्यंत माफी होती. मजूर आणि कारकून त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. मुले मात्र कामाला होती. आपल्यापासून गाडीने दोन-सव्वादोन तासांवर पिट्स्टन आहे. तिथे कोळशातून दगड वेचणाऱ्या पोरांचे फोटो लुइस हाइनने १९११ साली काढले. पुष्कळांनी ते पाहिले असतील. त्या काळच्या रूढ कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाच्या मजुरीवर हक्क बापाचा. मुलाने राबायचे आणि पैसे बापाच्या हातात द्यायचे. आपल्याकडेही निराळे काय होते?

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. १९४२ च्या कायद्याने एकट्या माणसाची माफी ५०० डॉलरवर आणली आणि जुलै १९४३ पासून कर पगारातूनच कापला जाऊ लागला. १९३९ साली चाळीस लाखांच्या आसपास असलेले करदाते १९४५ पर्यंत चार कोटींच्या वर गेले. त्यात पोरेटोरेही आली. मग प्रश्न उभा राहिला, की मुलाची कमाई कुणाच्या फॉर्मवर दाखवायची? राज्याचा कायदा ती बापाची मानत असेल तर बापाच्या, असा तोवरचा शिरस्ता. पण राज्याराज्यांत कायदा वेगळा, म्हणजे तेवढ्याच कमाईला करही वेगळा! अखेर १९४४ साली काँग्रेसने ठरवले, की मुलाच्या कामाचे पैसे हे मुलाचेच उत्पन्न, मग ते प्रत्यक्षात आईवडिलांच्या हाती पडोत. हा नियम आजही कायम आहे.

तरी एक गाठ राहिली. मुलाने वर्षात ५०० डॉलर (१९४८ पासून ६००) कमावले, की त्याच्या नावावर आईवडिलांना मिळणारी सूट जाई. म्हणजे पोर जास्त राबले तर घराचे नुकसान! १९५४ च्या कायद्याने ही गाठ सोडवली. मूल १९ वर्षांखालचे किंवा विद्यार्थी असेल आणि त्याचा निम्म्याहून अधिक खर्च आईवडील करत असतील, तर त्याने कितीही कमावले तरी सूट राहू लागली.

पण मग तीच सूट मुलगाही स्वतःच्या फॉर्मवर घेई, आईवडीलही घेत. हा दुहेरी लाभ १९८६ च्या कायद्याने बंद केला. त्याच कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलाच्या व्याज-डिव्हिडंडला, ठरावीक रकमेपुढे, आईवडिलांचा दर लावला. ही वयोमर्यादा पुढे वाढली. भारतातही १९९२ च्या अर्थविधेयकाने अज्ञान मुलाचे उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवले, पण अंगमेहनतीची आणि स्वतःच्या कौशल्याची कमाई वगळली. दोन्ही देशांनी रेघ एकाच जागी ओढली: नावावर ठेवलेले पैसे वेगळे, घामाचे वेगळे.

आता त्या पे-स्टबकडे वळू. समजा, मुलाने वर्षभरात ३,००० डॉलर मिळवले. फेडरल आयकर शून्य, कारण आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलालाही कमाईवर स्टँडर्ड डिडक्शन मिळते; २०२५ सालासाठी त्याची मर्यादा १५,७५० डॉलर होती. पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला वयाची सवलत नाही. १९३७ साली एक टक्क्याने सुरू झालेली ही कपात १९९० साली ७.६५ टक्क्यांवर गेली आणि आजही तेवढीच आहे, म्हणजे २२९ डॉलर ५० सेंट.

तिसरा वाटेकरी पेनसिल्व्हेनिया. इथला आयकर १९७१ चा. पहिला कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला, कारण राज्यघटनेप्रमाणे कर सर्वांना सारखा हवा. मग ऑगस्टमध्ये सरसकट २.३ टक्क्यांचा कर आला. २००४ पासून तो ३.०७ आहे. स्टँडर्ड डिडक्शन नाहीच, म्हणून पहिल्या डॉलरपासून कर, आणि ३३ डॉलरच्या वर मिळकत गेली की फॉर्म! आपल्या मुलाचे इथे ९२ डॉलर १० सेंट गेले. वर गावाचा आणि शाळेचा कर निराळा.

फेडरल आयकर कापला गेला असेल तर तो फॉर्म भरल्यावरच परत मिळतो. पण जपून! गेल्या वर्षी मंडळातल्या एका मुलाने फोनवर दहा मिनिटांत फॉर्म भरला. "तुम्हाला कुणी डिपेंडंट म्हणून दाखवू शकते का?" ह्या प्रश्नाला "नाही" म्हणून मोकळा झाला. आईवडिलांचा फॉर्म परत आला आणि घरात महिनाभर अबोला.

आणखी एक गोष्ट जड मनाने लिहितो. आपल्या काही घरांत धाकटी इथे जन्मलेली आणि थोरला पुण्याहून आलेला, एच-फोरवर. बहीण नोकरी करते आणि भावाला, कामाचा परवाना हाती येईपर्यंत, ती करता येत नाही. "हौस म्हणून चार तास" असेही त्याला पाठवू नका; पुढे त्याच्याच कागदपत्रांना बाधा येईल. त्याची चूक नाही, हे मात्र त्याला घरात कुणीतरी सांगायला हवे.

त्या माउलीला आम्ही एवढेच सांगितले, "वहिनी, पगार त्याचा आहे. पहिल्या पगाराचे पेढे देवापुढे जरूर ठेवा. पण फॉर्म भरताना त्याला शेजारी बसवा आणि सही त्यालाच करू द्या."